देवाचा उजवा हात

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पारंपरिक देवचित्रकार : जीवन आणि कार्य’. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, आज असते तर ‘कुणाबद्दल चाललंय हे?’ असं विचारून विडी ओढायला बाहेर गेले असते. आमच्या दारावर पाटी होती ती नुसती ‘पेंटर’. खाली नाव नाही, पत्ता नाही. कोल्हापुरात एवढं पुरायचं. बाहेरगावी पेंटर म्हटलं की लोकांना भिंतीला रंग मारणारा आठवतो. इथं बाबूराव मिस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले आणि गावानं धंद्याचं नाव मानानं आडनावाच्या जागी बसवलं. म्हणून मीही आण्णांना पेंटरच म्हणणार.

आधी एक छोटी परीक्षा घेतो. जन्मभर ड्रॉइंग मास्तर होतो, सवय जात नाही. डोळे मिटा आणि अंबाबाई आठवा. इथं बसलेल्यांतले निम्मे तरी दर शुक्रवारी महाद्वारातनं आत जाणारे असतील. आठवली? आता सांगा, गदा कुठल्या हातात?

हां. पुढच्या रांगेतनं ‘डाव्या’ आलं, मागनं कुणीतरी ‘उजव्या’ म्हणालं, आणि बाकीचे गप्प आहेत ते जास्त खरे आहेत. कारण रोजच्या पूजेत साडी, दागिने, हार यांतून देवीचा मुखवटाच तेवढा ठसठशीत दिसतो. हातांकडं नजर जातच नाही. आणि गेली तरी आपण समोर उभे. तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. ‘डाव्या’ म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या बाजूनं पाहिलं, देवीच्या बाजूनं नाही.

आण्णांची शाळा इथनं सुरू व्हायची. पेन्सिल हातात द्यायच्या आधी ते आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि म्हणायचे, ‘आता तू देव. तुझा उजवा हात वर कर. आता हिकडं ये, माझ्याजागी उभा ऱ्हा. कुठं गेला हात?’ सातव्या-आठव्या वर्षी मला हा पोरखेळ वाटायचा. मूर्तिशास्त्र वगैरे शब्द फार पुढं, आर्ट टीचरचा डिप्लोमा करताना कानावर पडले, तेव्हा कळलं की हा पोरखेळ म्हणजेच त्या शास्त्राचा पहिला धडा.

दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या शेवटी रहस्यं म्हणून जो भाग येतो, त्यातल्या प्राधानिक रहस्यात देवीचं वर्णन आहे: ‘मातुलिङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती, नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि.’ आपल्याकडच्या गुरुजींना हे पाठ असतं, पण ते स्तोत्र म्हणून. पेंटरला ते ऑर्डर म्हणून पाठ पाहिजे. महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं फळ, गदा, ढाल, आणि पानपात्र म्हणजे पिण्याचं भांडं. आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी. कुठली वस्तू कुठल्या हातात हे त्या ओळीत वेगळं सांगितलेलं नाही, कारण सांगायची गरज नाही. क्रम ठरलेला आहे. पुढच्या वैकृतिक रहस्यात तो उघड सांगितलाय, ‘दक्षिणाधःकरक्रमात्’. उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून सुरुवात. म्हणजे उजव्या खालच्या हातात महाळुंग, उजव्या वरच्या हातात गदा, मग डाव्या वरच्यात ढाल आणि डाव्या खालच्यात पानपात्र. आपण समोरून पाहत ही वाट बोटानं गिरवली तर बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. प्रदक्षिणाच झाली की. आण्णांना ‘दक्षिणाधः’ वगैरे म्हणता यायचं नाही. ते म्हणायचे, ‘खालनं सुरू कर आणि प्रदक्षिणा घाल.’

दत्ताचंही तसंच. सहा हात. दत्ताच्या ध्यानाचा जो श्लोक आपल्याकडं नरसोबाच्या वाडीपासून घरोघर म्हटला जातो, त्यात तर मजले पाडून दिलेत. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोहोंत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोहोंत शंख आणि चक्र. एका मजल्यावर ब्रह्मदेव, एकावर महादेव, एकावर विष्णू. तीन डोकी काढायला जमली नाहीत तरी हात बरोबर असतील तर तो दत्तच राहतो. डोकी सुंदर आणि हातांत गोंधळ, तर तो कुणीच नाही.

लोक मला विचारतात, देवाच्या चित्रात सगळ्यात अवघड काय, डोळे ना? मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे, तोपर्यंत ती मूर्ती नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खोटं नाही ते. श्रावण लागला की आण्णा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आखणीला जायचे. आखणी म्हणजे डोळे, भुवया, सोंडेवरची नक्षी, नगाप्रमाणे पैसे. एका बैठकीत पन्नास-साठ गणपतींचे डोळे उघडायचे ते. पण घरी येऊन कधी डोळ्यांबद्दल बोलले नाहीत. म्हणायचे, ‘डोळं काय, चार फटकारं. हात बघ हात. त्या बोटांत वस्तू धरल्यागत दिसली पायजे, नुसती चिकटवल्यागत न्हाई.’ महाळुंग कसं धरतात हे मला दाखवायला ते माझ्या आजोळी गेले होते. तिथं परसात महाळुंगाचं झाड होतं. जड असतं ते फळ, लिंबापेक्षा केवढं तरी मोठं, खडबडीत सालीचं. तळहात खाली झुकतो, मनगट ताणलं जातं. ते पाहिल्यावर बाजारातल्या निम्म्या चित्रांत देवीच्या हातात नारळ, आंबा नाहीतर चेंडू दिला आहे हे मला दिसायला लागलं.

आणि विठोबा. सगळ्यांना वाटतं, दोनच हात, तेही कमरेवर, सोपं काम. घरी जाऊन काढून बघा. कमरेवर हात ठेवलेला माणूस भांडायला उभा राहिल्यासारखा दिसतो. कोपर जरा बाहेर गेलं की झालं, दारात उभा घरमालक. डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ, ते सांभाळून कोपर किती आत घ्यायचं, खांदा किती सैल सोडायचा, यात सगळा विठोबा आहे. आण्णांनी मला एका पावसाळ्यात चाळीस विठोबा काढायला लावले. एकही देवघरात लागला नाही. सगळे भांडखोर.

आता आण्णा हे शिकले कुठं, ते सांगितलं पाहिजे. आण्णांचे मामा नाटक कंपन्यांच्या पडद्यांवर हाताखाली काम करायचे. सरस तापवायचा, खडू भिजवायचा, रंग घोटायचा. रस्ता, महाल, जंगल, देऊळ, असे पडदे असत. कोल्हापुरातल्या आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री बंधूंनी १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत नाटकांचे असे काही पडदे रंगवले की लोक पडद्याला टाळ्या देत. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढं स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमा काढला. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. आमचे मामा त्या कुळातले नव्हेत, त्या गर्दीतले. पण चौकडी पाडून छोटं चित्र वीस फुटी कापडावर कसं न्यायचं, गेरूत भिजवलेलं सूत ताणून सरळ रेघ कशी मारायची, हे त्यांनी तिथं उचललं आणि आण्णांना दिलं.

आपल्या गावातली चित्रकलेची मोठी नावं घेतली की आपण लगेच दरबाराकडं वळतो. आबालाल रहिमान. शाहू महाराजांचे चित्रकार. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट त्यांनी ज्या नजरेनं पाहिला, तसा अजून कुणाला दिसलेला नाही. १९३१ साली ते गेले. दुसरे महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म इथलाच, १८६७ चा. १८९० मध्ये मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तिथंच शिकवायला लागले आणि थेट १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या माणसांना नेसण्या-पांघरण्याचं भान आहे, तसंच त्यांच्या देवांनाही. त्यांची देवादिकांची चित्रं छापली गेली आणि आपल्या ओसरीवर आली. या दोघांवर बोलणारे विद्वान इथं पुष्कळ आहेत, मी आपला दोघांना नमस्कार करून पुढं जातो. कारण आण्णांचं आणि त्यांच्यासारख्या पेठेपेठेतल्या पेंटरांचं आयुष्य ज्यानं बदललं तो माणूस कोल्हापूरचाही नाही आणि महाराष्ट्रातलाही नाही.

राजा रविवर्मा. केरळात किळिमानूरचा, १८४८ चा जन्म. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा मोठी तैलचित्रं करून घेतली. ती बघायला लोटलेली गर्दी पाहिल्यावर, ज्यांना तैलचित्र परवडत नाही त्यांच्या घरी ते कसं पोचेल, हा विचार पुढं आला आणि १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पैशाच्या हिशेबात रविवर्म्यांना तो झेपला नाही आणि त्यांच्या हयातीतच त्यांच्या जर्मन तंत्रज्ञाकडं गेला. पण चित्रं थांबली नाहीत. तळ्यातल्या कमळावर उभी लक्ष्मी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. वीणा घेतलेली सरस्वती. आज तुम्ही ‘लक्ष्मी’ म्हटलं की डोळ्यांपुढं जी बाई येते ती बहुधा तीच असते.

छपाई दगडावरची. शिळाप्रेस. चित्रातल्या एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावर तेवढाच रंग लागेल असं चित्र काढायचं, आणि सगळे दगड एकावर एक नेमके बसायला हवेत. नाहीतर देवीचं कुंकू नाकावर. आणि गंमत बघा, कागद दगडावर दाबला की चित्र उलटं उमटतं. म्हणून दगडावर काढतानाच उलटं काढायचं. उजवा हात डावीकडं. त्या अनाम कारागिरांना देव आरशातला दिसत असणार आयुष्यभर.

ही छापील चित्रं घरात आली तेव्हा बायकांनी त्यांना नुसती चौकट घातली नाही. देवीच्या साडीवर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवले, जर लावली, टिकल्या लावल्या, मोती शिवले. जुन्या वाड्यांत अशी चित्रं अजून आहेत. छापखान्यातनं हजारो प्रती निघत, पण प्रत्येक घरातली देवी वेगळ्या साडीत. समीक्षक याला काय म्हणतील माहीत नाही, मला ती रोजची पूजाच वाटते.

पेंटर मात्र अडचणीत आला. आठवडा घालवून काढलेलं चित्र विकायचं कसं, जेव्हा चकचकीत वार्निशचं छापील चित्र चार आण्यात मिळतं? मग त्यानं तेच केलं जे पोटासाठी कुणीही करील. छापील चित्राची नक्कल. गिऱ्हाईक हातात छापील लक्ष्मी घेऊन यायचं, ‘अशीच, पण मोठी.’ आण्णांच्या पेटीत अशा चित्रांच्या चिंध्या झालेल्या प्रती होत्या, पेन्सिलीच्या चौकटी मारलेल्या. आमच्या भागातल्या कितीतरी देवळांच्या भिंतींवर रविवर्म्यांची लक्ष्मी आहे आणि खाली देवस्थानचं नाव भलतंच. त्यात कोल्हापूरची पंचाईत आणखी वेगळी. माणूस येऊन म्हणायचा, ‘महालक्ष्मी काढून द्या.’ आण्णांचा ठरलेला प्रश्न, ‘कुठली? कमळातली का गदेची?’ कमळातली म्हणजे विष्णूची बायको, हत्तीवाली. गदेची म्हणजे आपली, जिच्यामागं सिंह आहे. अंबाबाई म्हणायचं का महालक्ष्मी म्हणायचं यावर या गावात केवढी भांडणं झाली, मला त्यात शिरायचं नाही, घरी जायचंय. पण पेंटरनं तो वाद शंभर वेळा मिटवलाय, तोही एका प्रश्नात. गिऱ्हाईक जरा गोंधळायचं, मग म्हणायचं, ‘देवळातली हो!’

दुसरा प्रश्न रंगाचा. आपली मूर्ती काळ्या पाषाणाची. गिऱ्हाईकाला देवी गोरी हवी. ‘जरा उजळ घ्या पेंटर.’ हा उजळपणा छापील चित्रांनी शिकवला असं माझं मत आहे. आण्णा भांडायचे नाहीत. पिवडी, हिंगूळ आणि जस्ताचा सफेदा यांत कणभर काजळी टाकून ते एक असा वर्ण बनवायचे की सकाळी पाहिला तर गव्हाळ आणि समईपुढं पाहिला तर सावळा. ‘त्येला गोरी दिसंल, तिला तिच्यासारखी दिसंल,’ असं म्हणायचे. ज्योतिबाला हा प्रश्नच नाही. तिथं सगळा गुलाल. पण गुलालाचा गुलाबी रंग कागदावर टिकत नाही, उन्हानं उडतो. दोन चैत्र गेले की ज्योतिबा फिका. खड्ग, त्रिशूळ, डमरू, अमृतपात्र सगळं जागेवर, गुलाल तेवढा गायब.

कामाची रीत थोडक्यात सांगतो, कारण आता ती फारशी कुणी वापरत नाही. आधी कागदावर पूर्ण रेखाटन. मग त्या रेषेवरून सुईनं टोचत जायचं, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर भोकं. तो झाला खाका. भिंतीवर खाका धरायचा आणि फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घेऊन त्यावर थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचा देव. खाका वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडं एक द्वारपाल होता, मामांच्या हातचा. देवळाच्या दाराच्या एका बाजूला खाका सुलटा धरायचा, दुसऱ्या बाजूला तोच पालथा. एका कागदात जय आणि विजय दोघं. मी एकदा हुशारी करून विचारलं, मग देवीचाही खाका पालथा घातला तर? आण्णांनी उत्तर दिलं नाही, पाठीत एक धपाटा दिला. पहारेकऱ्याला डावं-उजवं चालतं, देवाला नाही.

ही खाक्याची विद्या एकट्या कोल्हापूरची नव्हे. पुढं एकदा मी मुलांची सहल घेऊन राजस्थानात नाथद्वाऱ्याला गेलो. तिथं श्रीनाथजी, म्हणजे कृष्णच, आले १६७२ साली, व्रजातून, औरंगजेबाच्या काळात मूर्ती हलवली तेव्हा. त्या मूर्तीमागं सणावारानुसार बदलायचे रंगवलेले कापडी पडदे असतात, पिछवाई म्हणतात. ते रंगवणारी घराणी देवळाच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहतात. विसाव्या शतकात याच घराण्यांतल्या चित्रकारांची चित्रं छापून कॅलेंडरांवर देशभर गेली. तुमच्या किराणा दुकानातला बासरीवाला कृष्ण बहुधा तिकडच्याच हाताचा. एका गल्लीत एक म्हातारे गृहस्थ दारात बसून खाका थापटत होते. भाषा धड येत नव्हती. मी नुसता उभा राहिलो आणि डावा हात वर केला, उजवी मूठ कमरेवर. गोवर्धन उचललेला श्रीनाथजी. ते हसले आणि माझी मूठ थोडी वर सरकवून दिली. तिथंही हातच.

आता माझ्या चुकीची गोष्ट. तिच्यासाठीच मी आज बोलायला हो म्हटलंय.

काचेवरची चित्रं तुम्ही पाहिली असतील. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवायचं आणि पुढनं बघायचं. ही विद्या चिनी कारागिरांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली आणि आपल्याकडच्या संस्थानिकांच्या, सरदारांच्या वाड्यांत शिरली. हिच्यात सगळा क्रम उलटा. कागदावर आधी पार्श्वभूमी, मग अंग, मग कपडे, मग दागिने, शेवटी डोळे. काचेवर जे सगळ्यात पुढं दिसायचं ते आधी. म्हणजे डोळ्यांतली बाहुली पहिल्यांदा. मग मोती, नथ, कुंकू. मग कपडा, त्यानंतर अंग, मागं वर्ख आणि शेवटी आकाश. चुकलं तर वरनं दुरुस्ती नाही, कारण वर म्हणजे आत. डोळे शेवटी उघडण्याबद्दल कुणी फार भावुक होऊन बोलायला लागलं की मला काच आठवते. तिथं देव डोळे उघडे ठेवूनच सुरू होतो.

मी सोळा वर्षांचा होतो. शुक्रवार पेठेतल्या एका आजींनी काचेवरचा गणपती सांगितला होता, नातवाच्या मुंजीसाठी. आण्णा बाहेरगावी देवळाच्या कामावर. मला वाटलं, आपण करून ठेवू, आल्यावर खूष होतील. छापील गणपती घेतला, डाव्या सोंडेचा, नेहमीचा. त्यावर काच ठेवली आणि दिसेल तसं रंगवत गेलो. डोळे आधी, दागिने मग, सगळं शिकवल्याप्रमाणं. पाच दिवस लागले. वर्ख लावला, मागं काळा रंग दिला, काच उलटी केली. काय चकाकत होता! मीच हात जोडले.

आण्णा आले, पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. सोळा वर्षांच्या मुलाला. म्हणाले, ‘तू गणपती. सोंड कुठं वळली तुझी?’

उजवीकडं. मी खाली ठेवलेलं चित्र सुलटं होतं, काच पालटल्यावर तो आरशातला झाला. चित्र आधी पालथं करून घ्यायला हवं होतं. मोदक उजव्या हातात, परशू डाव्यात, आणि सोंड उजवी. आता उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कडक. सोवळ्याओवळ्यात जराही ढिलाई चालत नाही, रोजची पूजा चुकवायची नाही. आजी बघायला आल्या. त्यांना चित्र फार आवडलं. हात जोडले आणि मग सोंडेकडं लक्ष गेलं. म्हणाल्या, ‘बाळ, सुरेख काढलायस रे. पण ह्याचं सगळं करायला माझ्यात आता ताकद नाही राहिली.’ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आण्णांनी दोन रात्री बसून त्यांना दुसरा गणपती करून दिला. माझा पुसून टाकावा म्हणून मी टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसलो, तर आईनं हात धरला. ‘डोळं उघडल्यात त्येनं. आता पुसतोस?’ मग तो आमच्याच देवघरात गेला. आणि त्याचं सोवळं कुणी पाळलं? आईनं. मी चूक केली, आण्णांनी पाठीत धपाटासुद्धा मारला नाही, आणि पुढची एकतीस वर्षं रोज पहाटे ओलेत्यानं पूजा आईनं केली. नैवेद्य दाखवताना माझ्याकडं एकदा बघायची, बस्स. देवाचा डावा-उजवा हात चुकला की किंमत चित्रकार देत नाही, घरातली बाई देते, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.

आण्णांचं त्या वेळचं बाहेरगावचं काम पन्हाळ्याच्या अंगाला होतं, एका गावच्या देवळात. पैसे थोडे, बाकी तांदूळ आणि गुळाची ढेप. नारळ फोडून सुरुवात, काम संपेपर्यंत मांसमच्छी बंद, विडी देवळाबाहेर. विडीचं तेवढं त्यांना जड जायचं. भिंतीवर देवी काढायची आणि निघून यायचं. सही कधीच केली नाही. दुकानाच्या पाट्यांवर, सिनेमाच्या बॅनरवर कोपऱ्यात झोकात सही असायची, देवाच्या चित्राखाली नाही. मी मोठ्या भक्तिभावाचं काहीतरी उत्तर येईल म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘खालच्या अंगाला हार लोंबतो. नाव दिसणार कुणाला?’

आणि हे खरंच होतं. देवाचं चित्र दुरून बघायला काढलेलं नसतं. बाया येतात, पायाला हळदकुंकू लावतात, ओला हात फिरवतात. उदबत्तीचा धूर, समईची काजळी. दहा-पंधरा वर्षांत देवीचे पाय जातात. तोंड शाबूत, हात शाबूत, पाय नाहीत. मग गावचा माणूस सायकलवरनं यायचा, ‘पेंटर, पाय काढून द्या.’ आण्णा तेवढे पाय काढून यायचे. याला ते ‘आमची पेन्शन’ म्हणायचे. एकेका देवळात तीन-तीनदा पाय काढलेत त्यांनी. आज त्या जागी बहुतेक ठिकाणी टाइल्स आहेत. टाइल पुसता येते, पाय जात नाहीत, पेंटर बोलवावा लागत नाही. टाइलवरच्या देवाचं मी समजू शकतो. पण जिन्याच्या कोपऱ्यात, लोकांनी पान खाऊन थुंकू नये म्हणून लावलेल्या देवाच्या टाइल्सचं मला समजत नाही. आण्णांकडं असं एक काम आलं होतं, एका मोठ्या इमारतीचं. जिन्यांच्या कोपऱ्यांत बारा देव. पैसे चांगले होते. त्यांनी विचारलं, ‘आणि थुंकलाच तर?’ समोरच्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी घेतलं नाही. घरी आई म्हणाली, घ्यायला पाहिजे होतं, दिवाळी तोंडावर आली होती. कोण बरोबर, मी अजून ठरवलेलं नाही.

परवा नवरात्रात माझ्या मोबाईलवर अंबाबाईचं एक चित्र आलं. कॉम्प्युटरनं आपलं आपण काढलेलं. इतकं सुंदर की काय सांगू, साडीचा काठ, नथ, मागं दिव्यांच्या माळा. खाली सत्तर-ऐंशी नमस्कार. मी सवयीनं खालच्या उजव्या हातापासून सुरुवात केली. महाळुंगाच्या जागी कमळ. गदा डाव्या हातात. पानपात्राच्या हाताला सहा बोटं. मी कुणाला काही बोललो नाही. नातीला मात्र भिंतीला पाठ लावून उभं केलं.

तो काचेचा गणपती मी आज बरोबर आणलाय. बाहेर टेबलावर ठेवलाय, पांढऱ्या धोतराच्या फडक्यात. बघून जा, पण हात लावायच्या आधी तिथं तांब्या भरून ठेवलाय, हात धुवा. उजव्या सोंडेचा आहे तो, आणि हल्ली त्याचं सगळं मला करावं लागतं.